हात दाखवा, गाडी जाऊ द्या

"दृष्ट काढतोय होय गं तुझी?" आप्पांनी विचारलं.

कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका या शर्यतीच्या ट्रॅकवर सकाळचे पावणेसात वाजले होते. मॉन्टेरेच्या उपसागरावरून आलेलं धुकं टेकड्यांवरून अजून उठलं नव्हतं. मी माझ्या मियाटा या उघड्या गाडीत हेल्मेट घालून, पट्टा आवळून बसले होते आणि क्लबचा एक साठीचा गृहस्थ माझ्या डोक्यावर झाडूचा दांडा धरून उभा होता. दांड्याचं एक टोक सीटमागच्या लोखंडी कमानीवर, म्हणजे रोल बारवर, दुसरं पुढच्या काचेच्या चौकटीवर. दांडा हेल्मेटला न टेकता आडवा राहिला, म्हणजे गाडी उलटली तरी डोकं जमिनीला लागणार नाही, असा हिशेब. एवढ्या यंत्रयुगातल्या तपासणीचं अंतिम हत्यार झाडू असावं, याचा आप्पांना मनापासून आनंद झाला. पुढे दिवसभर भेटेल त्याला ते हाताने अभिनय करून दाखवत होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. वाई डेपोत बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात जपून ठेवलेला. सहा महिन्यांसाठी आईबरोबर आमच्याकडे सॅन होजेला आले होते. आई आणि माझा नवरा घरीच थांबले. जीव धोक्यात घालायला वर पैसे भरायचे नसतात, यावर सासू-जावयाचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. आप्पा मात्र आदल्या रात्रीपासून तयार. "तुझ्या गाडीचे लायनर बघितलेस का?" हा प्रश्न जेवताना तीनदा.

मियाटा ही काही पोस्टरवर लावावी अशी गाडी नव्हे. १९८९ साली माझ्दाने ती काढली तेव्हा इंजिन सोळाशे सीसीचं, ताकद ११६ घोड्यांची आणि वजन हजार किलोच्या आतबाहेर. माझी त्याच पहिल्या पिढीतली, डोळे उघडमीट करणारे दिवे असलेली. तिच्या जपानी कर्त्यांनी एक शब्दप्रयोग डोळ्यांसमोर ठेवला होता: 'जिन्बा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. मी हे आप्पांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "बसून बघ तरी किती खाली बसायचं. घोडा कसला, पाटावर बसल्यासारखं वाटतंय."

पण पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, फिरल्यावर त्यांचा सूर बदलला. पाऊणशे-ऐंशी मियाटा एका ओळीत, लाल, पांढऱ्या, निळ्या, एक तर पिस्त्याच्या रंगाची. प्रत्येकीचा मालक वाकून मऊ फडक्याने काहीतरी पुसतोय. दारांवर निळ्या चिकटपट्टीचे आकडे. बॉनेट उघडून ठेवलेली, शेजारी घडीच्या खुर्च्या, छत्र्या, कॉफीचे थर्मास. एक बाई जुन्या टूथब्रशने चाकाच्या आऱ्या घासत होती. आप्पा हात मागे बांधून ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "अगं, हा तर बेंदूर!"

देशावर इतरत्र पोळा असतो, आमच्या साताऱ्याकडे आषाढात बेंदूर. बैल नदीवर धुवायचे, शिंगांना हिंगूळ लावायचा, पाठीवर झूल, आणि मग आपली जोडी गावातून मिरवायची. मिरवताना नजर मात्र शेजाऱ्याच्या बैलावर. तंतोतंत तेच. फक्त पुरणपोळीच्या जागी डोनट.

"पण जिंकतं कोण?" त्यांनी विचारलं.

कोणीच नाही, हे पटवणं अवघड गेलं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. वेळ मोजायची नाही, नंबर काढायचे नाहीत, बक्षीस नाही. अनुभवाप्रमाणे तीन गट, प्रत्येकाला वीस-वीस मिनिटं ट्रॅक, मग पुढचा गट. संध्याकाळी दमून घरी. त्यात लगुना सेका भोवती आता वस्ती झालेली, त्यामुळे आवाजावरही मर्यादा. बहुतेक दिवशी नव्वदच्या आसपास डेसिबल, आणि ते मोजायला कडेला माणूस मीटर घेऊन बसलेला. ओलांडलीत तर बाहेर बोलावतात. ज्यांची गाडी पलीकडच्या गावातल्या म्हातारीला आवाजावरून ओळखू यायची, त्या आप्पांना हा प्रकार फारच केविलवाणा वाटला.

लगुना सेका म्हणजे स्पॅनिशमध्ये कोरडं तळं. १९५६ पर्यंत इथल्या शर्यती जवळच्या पेबल बीचच्या जंगलातल्या रस्त्यांवर, झाडांमधून होत. त्या वर्षी अर्नी मॅकॅफी नावाचा शर्यतपटू झाडावर आदळून गेला आणि गावकऱ्यांनी ठरवलं, आता पुरे. लष्कराच्या फोर्ट ऑर्ड तळाच्या जागेवर हा ट्रॅक बांधला, १९५७ मध्ये पहिली शर्यत झाली. साडेतीन किलोमीटरच्या वर, अकरा वळणं. त्यातलं आठवं जगप्रसिद्ध: कॉर्कस्क्रू. चढ चढून माथ्यावर यायचं, ब्रेक मारायचा आणि डावीकडे वळायचं, तर पुढे रस्ताच नाही. नुसतं आभाळ आणि ओकची झाडं. रस्ता खाली गेलेला असतो, आणि लगेच उजवीकडे. सुमारे १३७ मीटरमध्ये १८ मीटर उतार, म्हणजे पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून अंगणात. पहिल्या वेळी माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिकेने सांगितलं होतं, "रस्ता शोधू नकोस, झाडाकडे बघ." आजही मी त्या झाडाकडे जितक्या भक्तिभावाने बघते तितकं घरातल्या देवाकडे बघत नाही.

साडेसातला ड्रायव्हरांची सभा. न येणाऱ्याला ट्रॅक बंद, त्यामुळे हजेरी शंभर टक्के. पिवळा झेंडा, लाल झेंडा, काळा झेंडा, रस्त्यावर तेल-माती असेल तर पिवळ्या-लाल पट्ट्यांचा. आणि मग मुख्य नियम, दर वेळी नव्याने सांगितला जाणारा: ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ भागांत, तेही पुढच्याने हात दिला तरच. डावीकडून जाऊ द्यायचं असेल तर डावा हात बाहेर काढून डावीकडे बोट. उजवीकडून द्यायचं असेल तर हात वर करून डोक्यावरून उजवीकडे बोट. एका गाडीला एक हात. मागे तिघे असतील तर तीनदा. पुढचा हात देत नाही तोवर तुमच्याकडे फेरारी असली तरी मागे राहायचं.

मी हे आप्पांना मराठीत सांगत होते. ते एकदम म्हणाले, "म्हणजे घाटातलं."

त्या वेळी मी लक्ष दिलं नाही. माझा हा चौथा ट्रॅक डे, पहिल्यांदाच मधल्या गटात, पहिल्यांदाच शेजारी शिक्षिका नाही. वीस मिनिटांची पहिली फेरी धुक्याच्या ओलीत बेताने गेली. दुसरीत ऊन पडलं, टायर तापले आणि माझंही डोकं. वळणं एकामागून एक जुळत गेली. कॉर्कस्क्रूला झाड दिसलं, उतरले, पुढचं डावं वळण सुरेख बसलं. आज आपण भलत्याच वेगात आहोत, असं वाटायला लागलं. सुरुवातीच्या सरळ रस्त्यावर आले तर समोर काळा झेंडा, आणि झेंडेवाल्याचं बोट थेट माझ्या आकड्यावर.

ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागी, पिटमध्ये, थांबले. एक उंच, अत्यंत सभ्य माणूस खिडकीशी वाकला. "तुमच्या गाडीला आरसा आहे ना?"

ट्रॅकच्या दोन पूर्ण चकरा माझ्यामागे पाच गाड्या अडकल्या होत्या. पाच! आणि मी झाडाकडे बघत होते.

पॅडॉकमध्ये आप्पा कुंपणाशी उभे. एरवी मुलीचा अपमान झाला की भांडायला पुढे होणारा माणूस, पण आता डोळ्यांत हसू. "मागं वरात लागली होती की तुझ्या. नवरीला खबर नाही."

मग खुर्चीत बसून त्यांनी चहाऐवजी मिळालेली कॉफी नाइलाजाने घेतली आणि घाटावर आले. आप्पा सगळ्या विषयांवरून पसरणी घाटावरच येतात. वाईतून पाचगणीला चढायचं तर बारा-तेरा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून अधिक चढ. शाळेला सुट्टी असली की ते मला कधी कधी केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसवायचे. झाकण गरम व्हायचं, मांड्या भाजायच्या, पण तिथून जे दिसायचं ते कुठल्याच सीटवरून दिसायचं नाही. त्यात सगळ्यात जास्त दिसायचा तो आप्पांचा उजवा हात. खिडकीबाहेर कोपरापासून लोंबणारा, खाकी बाही दुमडलेली. मागे मुंबईची एखादी कार हॉर्न वाजवून बेजार. आप्पा आरशात बघायचे, पुढच्या वळणापलीकडे बघायचे. समोरून ट्रक येतोय असं दिसलं तर तळवा उभा मागे: थांब. ट्रक गेला की तोच हात सैल होऊन दोनदा पुढे हलायचा: जा. कार सर्रकन निघून जायची. बहुतेक जण मागे वळूनही बघायचे नाहीत.

"इथं बरं आहे," आप्पा म्हणाले. "समोरून कोणी येत नाही. म्हैस नाही, शाळेची पोरं नाहीत. हात दिला काय, न दिला काय, मागच्याला सगळं दिसतंय. घाटात त्याला काही दिसत नाही. तो तुझ्या डोळ्यानं बघतो. हात चुकला तर दरीत जाईल तो, तू नाही."

कॉफी अर्धी ठेवून ते उठले आणि कोणाचा तरी पाना मागून माझ्या चाकांचे नट एकेक वाजवून बघू लागले. डेपोत निघण्यापूर्वी असंच बघायचे. सैल नटाचा आवाज वेगळा येतो म्हणे. शेजारचा मालक, ज्याच्याकडे नट आवळायला मापाचा, 'कट्' असा आवाज करणारा महागाचा पाना होता, तो आधी हसला, मग जवळ येऊन कान देऊन ऐकायला लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पंधरा मिनिटांनी तो स्वतःच्या गाडीचे नट वाजवत होता.

तिसऱ्या फेरीत मी हात द्यायला गेले होते असंच म्हणायला हवं. चौथ्या आणि पाचव्या वळणाच्या मधल्या भागात डावा हात बाहेर, एक गेला. पुन्हा हात, दुसरा गेला. जाणारा प्रत्येक जण हात वर करून आभार मानत होता. एकूण अकरा गाड्या मी सोडल्या. सोडताना कळलं, की हात बाहेर काढल्यावर वारा तो मागे ढकलतो, बोट नीट दाखवायला खांद्यातून जोर लावावा लागतो. आप्पा बत्तीस वर्षं हे करत आले, आणि वर स्टीअरिंग पॉवरचं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहुण्यांना घेऊन सावकाश फेऱ्या असतात. हेल्मेट नाही, पुढे क्लबची एक गाडी, मागे सगळे ओळीने. आप्पा शेजारी बसले. कॉर्कस्क्रूच्या चढावर मी म्हणाले, "आता बघा." माथा आला, आभाळ आलं, आणि रस्ता पायाखालून निघून गेला.

"दुसरा टाक!" आप्पा ओरडले. "ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं!"

खाली आल्यावर त्यांनी टेकडीकडे वळून बघितलं आणि "एवढंच होय," म्हणाले. पण त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर गच्च रोवलेला होता, जिथे त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, आणि तो सरळ रस्ता लागेपर्यंत उचलला गेला नाही.

संध्याकाळी क्लबच्या दहाबारा गाड्या जेवायला कार्मेल व्हॅलीकडे निघाल्या. रस्ता लॉरेलेस ग्रेडचा: अरुंद, दोनपदरी, वळणावळणाचा, खरा घाट. आमच्या पुढच्या गाड्या निघून गेल्या, मी दिवसभराने दमून सावकाश चालवत होते. मागे एक पिकअप येऊन चिकटला. मी आरशात बघितलं, काय करावं असा विचार करतेय तोवर शेजारी हालचाल झाली.

अमेरिकेत शेजारच्याची जागा उजवीकडे असते. आप्पांनी शर्टाची बाही दुमडली आणि उजवा हात कोपरापासून बाहेर सोडला. वळण आलं तसा तळवा उभा केला. वळणापलीकडे त्यांनी मान उंचावून बघितलं, रस्ता मोकळा होता, मध्ये पिवळी तुटक रेघ. हात सैल झाला, दोनदा पुढे हलला.

पिकअपवाल्याने हॉर्नवर दोनदा टिचकी मारली, आणि खिडकीतून हात काढून आनंदाने हलवला. पण गेला काही नाही.

"अरे, जा की," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा हात दिला.