सारंगखेड्याचा फुफाटा आणि सेन्सरची सफाई

डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पळायला लागले की तापीकाठी फुफाटा उठतो. तिथे लेन्स बदलायची म्हणजे थोडा कॅमेऱ्यात, फोटो टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत जाणारच. तो दिसला पाल गावाच्या वाटेवर काढलेल्या सातपुड्याच्या फोटोत: आभाळात वर उजवीकडे करडे ठिपके आणि मधोमध एक वेटोळा तंतू. तंतू बहुधा कापसाचा. हंगामात आमच्या जिनिंगांच्या आसपास रुई हवेतच तरंगत असते.

हेच डाग एफ/५.६ ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) मोठं असताना, अजिबात दिसत नाहीत. धूळ बसते ती सेन्सरच्या पुढे असलेल्या फिल्टरच्या काचेवर. अ‍ॅपर्चर मोठं असलं की तिची सावली पसरून विरते, लहान केलं (एफचा आकडा वाढवला) की रेखीव उमटते. हतनूर धरणावर मोठ्या अ‍ॅपर्चरने पक्षी टिपणाऱ्यांना म्हणूनच महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

तपासणीचा फोटो असा घेतो: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/२२, फोकस मुद्दाम सोडलेला, समोर लॅपटॉपचा कोरा पांढरा स्क्रीन. शटर सेकंदभर उघडं राहिलं तरी हरकत नाही, उलट तेवढ्यात कॅमेरा हलवत राहायचा. स्क्रीनवरचं सगळं पुसट होतं, धूळ मात्र जागची हलत नाही.

काम न्हाणीघरात केलं. आधी गरम पाणी सोडून वाफ होऊ दिली, म्हणजे तरंगणारी धूळ खाली बसते. वाफ पूर्ण गेल्यावरच कॅमेरा आत नेला. उन्हाळ्यात करणार असाल तर कूलर आधी बंद करा, बाहेरची धूळ आणि खारट पाण्याचे तुषार दोन्ही तो घरात ओढतो. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. सफाईची पट्टी आत असताना ती संपली आणि सेन्सरपुढचा आरसा व शटर बंद झाले तर शटरचा पडदा गेलाच समजा.

लेन्स काढून आरसा वर लॉक केला, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरलं आणि रबरी ब्लोअरने जोरात हवा मारली. पहिले फुंकारे बाहेरच सोडायचे, नळी माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत न्यायची नाही. तोंडाने फुंकर नको, थुंकीचा कण उडतो. डब्यातली दाबाची हवाही नको, तिच्यातलं द्रव काचेवर डाग पाडतं. एवढ्यानेच तंतू गेला आणि ठिपके जवळजवळ सगळे गेले. माझ्या मते बहुतेकांनी इथेच थांबावं.

उजवीकडचे दोन ठिपके मात्र हलेनात. समोरून सेन्सरकडे पाहताना फोटोतलं वर ते खाली येतं, डावं-उजवं तसंच राहतं; म्हणजे हे दोघे खालच्या उजव्या कोपऱ्यात. एपीएस-सी मापाच्या (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरसाठीचा १६ मिमी स्वॅब, म्हणजे सफाईची पट्टी घेतली, तिच्या कडेवर मिथेनॉलचे दोन थेंब टाकून ते मुरू दिले. मग हलक्या हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग फेर, उलटून दुसऱ्या बाजूने परत. तो स्वॅब तिथेच संपला, कितीही स्वच्छ दिसला तरी पुन्हा काचेला लावायचा नाही.

एक ठिपका गेला, पण कडेला द्रवाची पुसट रेघ आली. नवा स्वॅब, या वेळी एकच थेंब. रेघ गेली. एफ/१६ ला आता आभाळ साफ आहे. एफ/२२ ला कोपऱ्यात एक फिकट कण उरलाय, त्यासाठी काच पुन्हा घासणार नाही.

यापुढे लेन्सच्या मागच्या टोप्या आणि माउंटची कडा पुसायची आहे. त्या टोप्यांत साठलेली धूळच लेन्स लावताना पुन्हा आत जाते.