घाट उतरल्यावर अंगावर काय उरते

पहाटे सहाला मोटरसायकलने इंदुरातून निघून महूमार्गे जामगेटच्या घाटाने मंडलेश्वरकडे उतरणाऱ्या माणसाला जानेवारीत एकाच दिवसात दोन ऋतू भेटतात, हे इकडच्या कुणाला वेगळे सांगायला नको. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि नर्मदाकाठ दीडशेच्या आसपास. नुसत्या उंचीचा हिशेब केला तर तेवढ्या उतारासाठी तापमानात फार तर अडीच-तीन अंशांचा फरक पडायला हवा. उरलेला सगळा फरक घड्याळाचा, उन्हाचा आणि आपल्या श्रमाचा असतो. डांबरी रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना आपण स्वस्थ बसलेले असतो आणि वारा अंगातली ऊब ओढून नेत असतो. तेच घाटाखालच्या गाडवाटेला लागलो, की वेग पंधरा-वीसवर येतो, वारा थांबतो आणि फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहून गाडी सावरताना दहा मिनिटांत पाठ घामाने भिजते.

पहिली दोन वर्षे मी या प्रवासाला अस्तर असलेले एकच जाड जॅकेट घालून जात असे. कोपर, खांदे आणि पाठ यांचे आर्मर, म्हणजे पडल्यावर मार झेलणारे कवच, त्यातच बसवलेले होते आणि दुकानात ते मला फार सोयीचे वाटले होते. सकाळी ते उत्तम चाले. अकरा वाजता असह्य होई, आणि मग मी ते काढून मागच्या सीटवर बांधत असे. म्हणजे ज्या दगडगोट्यांच्या वाटेवर पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमक्या त्याच वाटेवर माझे सारे संरक्षण मागे बांधलेले असे. एका कोरड्या नाल्यात पुढचे चाक घसरले आणि कोपरावर आपटलो, तेव्हा जॅकेट सीटवर सुखरूप होते. दुखापत मोठी नव्हती, परंतु तीन आठवडे डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: ऊब देणारा थर आणि मार झेलणारा थर वेगळे असले पाहिजेत, आणि दुसरा थर दिवसभर अंगावरून उतरता कामा नये. यासाठी मी जाळीदार कापडाचा आर्मर शर्ट घेतला. तो आतल्या पातळ बनियनवर घट्ट बसतो आणि त्यावर सैल जर्सी येते. (आई त्याला चिलखत म्हणते आणि ते बरोबरच आहे.) घेताना लेबल वाचावे. हातापायांच्या आर्मरसाठी ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक आहे. त्यात ५० ज्यूलचा आघात देऊन पलीकडे सरासरी किती बल पोचते ते मोजतात; आकडा जितका कमी, तितके संरक्षण जास्त. पहिल्या पातळीला ३५ किलोन्यूटनपर्यंत मुभा आहे, दुसऱ्या पातळीला २० पर्यंत. पाठीच्या आर्मरचे मानक ईएन १६२१-२ असून तेथे हेच आकडे १८ आणि ९ आहेत. लेबलवर ‘टी+’ असेल तर ते आर्मर ४० अंश तापमानालाही तपासलेले असते. नर्मदाकाठच्या या निमाडातला उन्हाळा माहीत असलेल्या माणसाने ही खूण जरूर शोधावी, कारण यातले काही मऊ पदार्थ उष्णतेने आणखी मऊ पडतात.

या व्यवस्थेत एक उणीव आहे. आर्मर शर्टाची जाळी मार झेलते, पण डांबरावर घासली तर टिकत नाही. ईएन १७०९२ या कपड्यांच्या मानकात अशा शर्टाला ‘सी’ वर्ग मिळतो आणि त्या वर्गात घर्षणाची चाचणी आवश्यक नसते. म्हणून महूपर्यंतच्या आणि परतीच्या डांबरी रस्त्यावर मी वरून बिनआर्मरचे, घर्षण सोसणारे पातळ जॅकेट घालतो. गाडवाट सुरू झाली की तेवढेच उतरते. जॅकेटला छातीवर हवेच्या झडपा असतील तर पाठीवरही असाव्यात, नाहीतर आत शिरलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि जॅकेटचा नुसता फुगा होतो.

सर्वांत आतल्या थरासाठी सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवते, आणि त्यातल्या पाण्यातून उष्णता कोरड्या हवेच्या वीसपटीहून अधिक सहज वाहून जाते. शिवाय एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. दुपारी हे वरदान असते, पण संध्याकाळी घाट चढून मानपूरच्या वाऱ्यात शिरल्यावर त्याच ओलीने हुडहुडी भरते. पॉलिएस्टरचा अंगालगतचा शर्ट लवकर वाळतो. मेरिनो लोकरीचा अधिक चांगला, पण महाग आणि आर्मरच्या कडांनी झिजणारा. सुताचा हाच दोष मी गळ्याशी मात्र गुण म्हणून वापरतो: दुपारी जुने सुती उपरणे भिजवून मानेभोवती गुंडाळले, की तासभर तरी डोके शांत राहते. मधल्या थराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पातळ फ्लीस (हलके, लवदार उबदार कापड) पुरेसे होते, मात्र ते आर्मरच्या वर घालावे, म्हणजे रस्त्याकडेला काढताना काही सोडावे लागत नाही.

पावसाबाबत माझे मत अनेक मित्रांना पटत नाही. जॅकेटच्या आत लावायचे जलरोधक अस्तर मी वापरत नाही, कारण पाणी आत शिरत नसले तरी बाहेरचे कापड भिजून जड होते, वाऱ्याने थंड पडते, आणि ते अस्तर चढवण्यासाठी भर पावसात उघडे व्हावे लागते. मी सर्वांवरून घालायचा दोन भागांचा रेनकोट ठेवतो, तोही एक माप मोठा. बाभळीच्या काट्यांनी तो फाटतो, हे मान्य. पण दरवर्षी पट्ट्या चिकटवणे मला परवडते. पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या महागड्या श्वसनक्षम पडद्याच्या वरचे कापड एकदा पूर्ण चिंबले, की आतली वाफ बाहेर जाणे जवळपास थांबते, आणि चोरलजवळच्या काळ्या मातीच्या चिखलात कुठलेही कापड फार काळ स्वच्छ राहत नाही.

जलरोधक बुटांचेही तसेच. ओढा ओलांडताना पाणी वरून शिरले, तर बाहेर पडायला जागा नसते. मी साधे ऑफरोड बूट आणि लोकरीचे मोजे वापरतो, आणि मोज्यांची दुसरी जोडी पिशवीत कोरडी ठेवतो. हातमोजेही दोन: वाटेसाठी पातळ, पहाटेसाठी जाड. हँडलवर हातांवरचा वारा अडवणारे हँडगार्ड बसवल्यापासून मात्र जाड जोडी बहुतेक वेळा महूच्या आधीच पिशवीत जाते.