जिप्सीचा पुढचा एक्सल: किंगपिन बेअरिंग आणि त्यापुढची कामे

माझी मारुती जिप्सी किंग 2002 सालची, कापडी हुडाची आणि 1.3 लिटरच्या एमपीएफआय इंजिनाची आहे. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश आणि शॅकल बदलल्यापासून तिचा खडखडाट बराच कमी झाला होता. मात्र साठच्या वेगात पुढचे चाक खड्ड्याच्या कडेवरून गेले की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना जोराने थरथरू लागे आणि वेग चाळिसाच्या खाली आणल्याशिवाय ही थरथर थांबत नसे. जुन्या जिप्सीवाल्यांना हे दुखणे नवीन नाही. त्यावर बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट करा, चाके बॅलन्स करा किंवा जाड स्टिअरिंग डॅम्पर बसवा, असे तीन सल्ले मिळतात. पहिले दोन योग्यच आहेत, पण तिसऱ्याशी मी सहमत नाही. जाड डॅम्परने थरथर दबते, तिचे मूळ तसेच झिजत राहते, आणि पुढे टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे सांधे) व स्टिअरिंग बॉक्सवर त्याचा भार येतो.

दोष नेमका कुठे आहे हे ओळखण्याची पद्धत सोपी आहे. पुढचा एक्सल जॅकवर उचलून घोडीवर टेकवावा, चाक वर आणि खाली धरून हलवावे, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगावे. ब्रेक दाबला की कॅलिपरमुळे हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा, हबला धरणारा भाग) एकमेकांना जखडले जातात. त्यामुळे चाकाचा खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, आणि ब्रेक दाबूनही खेळ उरला तर तो किंगपिनचा, म्हणजे नकल ज्या वरच्या-खालच्या पिनांवर वळते त्यांच्या बेअरिंगचा. माझ्या गाडीत डाव्या बाजूला खेळ स्पष्टपणे उरत होता आणि उजवीकडे थोडासा जाणवत होता. शिवाय डाव्या नकलच्या गोलाकार भागावर पातळ, काळे ग्रीस ओघळलेले होते.

खोलण्याचा क्रम थोडक्यात देतो. कॅलिपर काढून तारेने पाट्याला टांगावा; त्याला होजवर लोंबकळत ठेवू नये. माझ्या गाडीला फ्री व्हील हब (पुढची चाके एक्सलपासून सोडवता येणारे हब) नाहीत, साधा फ्लँज आहे, त्यामुळे टोपी, सर्क्लिप आणि फ्लँज काढल्यावर लॉकनट सुटतो आणि हब बाहेर येतो. त्यानंतर स्पिंडल, मग एक्सल शाफ्ट, मग टायरॉड एंड, मागच्या बाजूची सीलची पट्टी आणि सर्वात शेवटी वरचा व खालचा किंगपिन काढावा. किंगपिन काढताना त्याखालच्या शिम (पातळ चकत्या) कोणत्या बाजूच्या, वरच्या की खालच्या, हे दोऱ्याने बांधून चिठ्ठी लावून ठेवावे. खालचा पिन निघाला की बेअरिंग खाली पडते, म्हणून हात तयार ठेवावा.

बेअरिंग डिझेलने धुऊन उजेडात धरले, तेव्हा कारण डोळ्यांसमोर आले. बाहेरच्या कपच्या आतल्या पृष्ठभागावर सारख्या अंतराने उभ्या रेघांचे खड्डे पडले होते. प्रत्येक खड्डा एकेका रोलरच्या लांबीचा होता आणि त्यावरून नख फिरवले की अडकत होते. चाकाचे बेअरिंग सतत फिरते, त्यामुळे त्याची झीज सगळीकडे विभागली जाते. किंगपिनचे बेअरिंग मात्र वळणापुरतेच थोडे हलते आणि बहुतेक वेळ गाडी सरळ जात असताना एकाच जागी उभे असते. रस्त्याचा प्रत्येक दणका त्याच जागेवर बसतो, मधले ग्रीस बाजूला सरकते आणि रोलर हळूहळू कपात घर करतात. मग शिमने दिलेला दाब उरत नाही, नकल सैल होते आणि एका धक्क्याने सुरू झालेली थरथर शमवणारे घर्षण शिल्लक राहत नाही.

डावीकडचे ग्रीस पातळ होण्याचे कारण वेगळे होते. एक्सलच्या नळीतले आतले ऑइल सील गेल्यामुळे डिफरन्शिअलचे (एक्सलच्या गिअरपेटीचे) ऑइल नकलमध्ये येत होते. ते सील स्वस्त आहे, पण तिथपर्यंत पोहोचायला हा सगळा पसारा मांडावा लागतो, म्हणून ते याच वेळी दोन्ही बाजूंचे बदलावे. बेअरिंग, सील आणि फेल्ट हे सामान मी पुण्यात नाना पेठेतून आणले. बेअरिंग कपासकट घ्यावे. जुन्या कपात नवे रोलर घालण्याला काही अर्थ नाही.

या कामातला खरा कौशल्याचा भाग म्हणजे शिम लावणे. मॅन्युअलप्रमाणे ऑइल सील न लावता, नकलच्या आर्मच्या टोकाला ताणकाटा अडकवून ओढल्यावर नकल 1.0 ते 1.8 किलोच्या ओढीने हलू लागली पाहिजे. नवी बेअरिंग जुन्याच शिमवर बसवली तेव्हा डावीकडे काटा अर्ध्या किलोच्याही खाली होता. शिम कमी केली की दाब वाढतो. पण वरची आणि खालची शिम शक्यतो सारख्याच जाडीने कमी करावी, म्हणजे नकल एक्सलच्या मध्यावर राहते. प्रत्येक वेळी किंगपिनचे बोल्ट 25 न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क पान्याने आवळून, नकल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून, मगच माप घेतले. डावी बाजू 1.5 वर आणि उजवी 1.4 वर स्थिरावली. हाताच्या अंदाजाने हे काम करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण अर्धा किलो आणि दीड किलो यांतला फरक हाताला फारसा कळत नाही, स्टिअरिंगला मात्र पुरेपूर कळतो.

जोडणी उलट्या क्रमाने झाली. नकलमध्ये लिथियम ग्रीस भरले आणि डिफरन्शिअलमध्ये नवे 80 डब्ल्यू 90 ऑइल घातले. ऑइल काढण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री करून घ्यावी. शेवटी टो-इन (पुढची चाके समोरून किती आत वळलेली आहेत ते) तपासून घेतले. आता त्याच रस्त्यावर, त्याच वेगात खड्डा लागला तर स्टिअरिंगला एकच झटका जाणवतो आणि ते लगेच स्थिर होते. डॅम्पर कंपनीचा मूळचाच ठेवला आहे.

अनेकांनी याच वेळी मोठे टायर आणि उंचीचे किट बसवावे असे सुचवले होते. मी मूळचे 205/70 आर 15 च ठेवले. जड चाकांचा भार शेवटी याच दोन छोट्या बेअरिंगवर येतो; शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि पंधरा वर्षांवरील गाडीला नूतनीकरणासाठी तपासणीला उभे राहावेच लागते.

सुधारणा म्हणून एकच काम केले, ते हेडलाइटला रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवण्याचे. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट आणि बल्बच्या सॉकेटवर फक्त 12.1 व्होल्ट मिळत होते. उरलेला विद्युतदाब जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत खर्च होत होता. बॅटरीपासून फ्यूज लावून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दोन रिलेंपर्यंत आणली आणि जुन्या वायरी फक्त रिले चालवण्यापुरत्या ठेवल्या. आता सॉकेटवर 13.5 मिळतात, आणि 60/55 वॅटचे साधे बल्बच घाटात पुरेसा उजेड देतात. हे काम करणाऱ्यांनी आधी मल्टिमीटरने तपासावे, कारण मूळच्या जपानी रचनेच्या अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच धन बाजूऐवजी ऋण बाजूला असतो आणि त्याप्रमाणे रिलेची जोडणी बदलते.

पुढचे काम दोन्ही डिफरन्शिअलचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची छिद्रे) रबरी नळीने इंजिनच्या खोलीत उंचावर नेण्याचे आहे. गरम एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. नवी सील बसवलेलीच आहेत, तेव्हा हे काम पावसाळ्याआधी पूर्ण करणार आहे.