घुमटाच्या गजरात

गोव्यात कॉलेजला असताना म्हापशाहून घरी येताना मी तिकीट पुढच्या साखळीचं काढायचो आणि उतरायचो डिचोलीला. कंडक्टर पुढ्यात येऊन 'खंय?' म्हणाला की 'ड'साठी जीभ टाळूला लागायची ती सुटायचीच नाही. आजूबाजूचे वळून बघायचे. 'साखळी' मात्र सरळ निघायचं. वरचे पैसे गेले तर गेले.

'द किंग्ज स्पीच' हा तोतऱ्या इंग्लिश राजपुत्रावरचा, पुढच्या सहाव्या जॉर्ज राजावरचा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा सुरुवातीलाच, १९२५ सालच्या वेंब्लीच्या प्रसंगापाशी मी तो थांबवला. भरलेलं स्टेडियम, समोर मायक्रोफोन, आणि राजपुत्राच्या तोंडून शब्द फुटत नाही. राजपुत्र झालेल्या कॉलिन फर्थचा नुसता गळा हलतो. पाणी प्यालो, मग पुढचा लावला.

पुढे बोलणं सुधारणारा लायनेल लोग राजपुत्राच्या कानांवर हेडफोन चढवतो, मोत्सार्टचं संगीत मोठ्याने लावतो, 'हॅम्लेट'मधला उतारा वाचायला देतो आणि ते वाचन तबकडीवर उतरवून घेतो. राजपुत्र वैतागून निघून जातो. नंतर एका रात्री घरी ती तबकडी लावतो, तर त्याचाच आवाज, सलग, कुठेही न अडखळलेला.

मी ताडकन उठून बसलो. आमच्याकडे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट, शामेळ ही चामड्याची वाद्यं आणि कासाळं म्हणजे झांजा एकदम सुरू झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या गजरात आरतीचं कडवं मी उचलायचो आणि शेवटपर्यंत न्यायचो. आजी सगळ्यांना सांगायची, "पळयात, देवामुखार कसो उलयता तो!" (बघा, देवासमोर कसा बोलतो!) गाताना जीभ अडत नाही हे खरंच, पण स्वतःचा आवाज कानावर पडेनासा झाला तरी बऱ्याच तोतऱ्या माणसांची जीभ मोकळी होते. एवढी वर्षं मी ती फक्त देवाची कृपा समजत होतो. आजही समजतो, पण घुमटाचाही त्यात वाटा आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. लोगकडे राजपुत्र खरा गेला तो १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये. सिनेमाने ती भेट पुढे ढकलून १९३४ च्या सुमारास दाखवली. ३ सप्टेंबर १९३९ ला, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, त्याने राजा म्हणून केलेल्या भाषणापर्यंत दोघांच्या ओळखीला जवळजवळ तेरा वर्षं झाली होती. ती वर्षं पडद्यावर हवी होती. पटकथा लिहिणारे डेव्हिड साइडलर स्वतः लहानपणी तोतरे बोलायचे, म्हणून तर जास्तच वाटतं.

गेल्या चवथीला भाच्याने आरती मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवली. मी ती पंधरा दिवस उघडली नाही. मग एका रात्री ऐकली. घुमटांच्या खालून माझा आवाज येत होता, स्वच्छ. परत एकदा ऐकली आणि त्याला फोन लावला. 'ह'वरच अडकलो. तो काही न बोलता थांबून राहिला.