लारेसच्या खिंडीतून ओयान्तायतांबोला

पेरूतल्या माचू पिक्चूला, म्हणजे इंकांच्या डोंगरावरच्या जुन्या नगरीला जायचं, तर इंका ट्रेल या जुन्या पायवाटेनेच, असं मनाशी धरून आम्ही दोघी बहिणी दोन वर्षं पैसे साठवत होतो. पण त्या वाटेवर दिवसाला 500 माणसांनाच सोडतात, आणि त्यात गाईड, हमाल, आचारी सगळे आले. आम्ही चौकशी करेपर्यंत जुलैचे परवाने संपले होते. मग लारेसची वाट घेतली. तिला असा परवाना लागत नाही. आज कुणी विचारलं तर मी लारेसच सांगेन, कारण या वाटेवर गावं लागतात, आणि ती गावं पाहिली नसती तर पुढचे इंकांचे दगड मला कळलेच नसते.

आधी कागदपत्रं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा, निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा हाताशी असेल तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर दिल्लीतल्या वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी खात्री करून घ्या. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात, ती म्हणजे पीतज्वराची लस. अडचण जाताना नाही, परत येताना येते. पेरूतून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, जवळ नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, त्यामुळे निघायच्या आठवड्यात धावाधाव करू नका.

आता उंची. आम्ही दोघी पंचवीस वर्षं सह्याद्रीत चालतोय. त्याचा पायांना फायदा झाला, छातीला काडीचाही नाही. कुस्को 3,400 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच, आणि राजधानी लिमाहून विमान तुम्हाला समुद्रकाठावरून दीड तासाच्या आत तिथे नेऊन सोडतं. आमच्या सहलीच्या आयोजकांनी पहिल्याच दुपारी कुस्कोच्या डोक्यावरचे साक्सायवामानचे इंकाकालीन तट पाहायला वर नेलं. संध्याकाळी बहिणीचं डोकं ठणकायला लागलं, रात्रभर उलट्या झाल्या आणि दुसरा अख्खा दिवस ती पलंगावर होती. मला अजूनही त्याचा राग आहे, कारण हे टाळता येण्यासारखं होतं. कुस्कोला उतरलात की तिथे थांबूच नका, गाडी करून सरळ उरुबांबाच्या खोऱ्यात या. ओयान्तायतांबो 2,800 मीटरवर आहे. दोन-तीन रात्री तिथे काढा, पिसाकची पायऱ्यांची शेतं आणि मोरायची गोल शेतं बघा, मग चालायला लागा. कुस्को शहर शेवटी ठेवा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा. कोकाच्या पानांचा चहा तिथे घरोघरी देतात, आम्हीही प्यायलो. पण परतताना त्याची एक पुडीही बॅगेत राहता कामा नये, आपल्याकडे कोकाची पानं अमली पदार्थांच्या कायद्यात येतात.

वाटेच्या पहिल्या दिवशी गाडीने कालकामार्गे लारेस. गरम पाण्याच्या कुंडांत तासभर बसलो आणि तिथून चालत वाकावासी हे गाव गाठलं. सामान घोड्यांवर, प्रत्येकी सातच किलो. दिवसभर लागणारं पाणी, पावसाळी जाकीट, कानटोपी आणि औषधं मात्र आपल्या पाठीवर ठेवा, घोडे पुढे निघून जातात.

वाकावासीत आमच्या आचाऱ्याने एका घराच्या पडवीत चूल मांडली होती. त्या घरची बाई जमिनीवर बसून चटणी वाटत होती. खाली सपाट पाटा आणि वर चंद्रकोरीच्या आकाराचा जड दगड. या जोडीला बातान म्हणतात. आपण वरवंटा पुढेमागे ओढतो, ती मात्र तो दगड दोन्ही टोकांना धरून झोपाळ्यासारखा झुलवत होती, सगळं वजन दगडाचं, हाताला फक्त दिशा द्यायची. रोकोतो नावाची गोल, मांसल मिरची, भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि वाकाताय नावाचा पाला. पाला नाकाशी नेला तर झेंडूचा वास. खरंच तो झेंडूच्या कुळातला आहे. चटणीचं नाव उचुकुता, तिथल्या क्वेचुआ भाषेत अर्थ सरळ: वाटलेली मिरची. मी हात पुढे केला तशी तिने सरकून जागा दिली. दोन मिनिटांत मला तो ताल जमला, आणि एकमेकींची भाषा येत नसताना आम्ही दोघींनी ती चटणी पुरी केली.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये. बटाटे, किन्वाचं सूप, टपोऱ्या दाण्यांचा मका, चीज, सगळं मिळतं. मात्र नुसतं "सिन कार्ने" म्हणजे मांस नको असं सांगून भागत नाही, सूप कोंबडीच्या पाण्यातच शिजतं. "सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो", म्हणजे कोंबडी नको, कोंबडीचं पाणीही नको, असं सुटं करून सांगा. काढणीच्या दिवसांत गेलात तर शेतात वातिया मिळेल. मातीच्या ढेकळांची घुमटी रचून आत जाळ करतात, ढेकळं तापली की बटाटे टाकून ती घुमटीच त्यांच्यावर ढासळवतात. रायगडकडच्या माणसाला पोपटी आठवणारच.

दुसरा दिवस खिंडीचा. खिंड 4,400 मीटरच्या वर आहे. रात्री पाणी गोठलं होतं, मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम असला तरी थंडी कडक, तेव्हा झोपायची पिशवी चांगली घ्या. चढताना बोलू नका, फोटोसाठी पळू नका, वीस पावलं आणि थांबा. माथ्यावर दगडांची रास होती. गाईडने कोकाची तीन पानं एकत्र धरली, बर्फाच्या शिखरांकडे तोंड करून त्यांवर फुंकर घातली आणि दगडाखाली ठेवली. शिखरांना तो "अपू", म्हणजे डोंगरदेव, म्हणत होता. जेजुरीचा डोंगर दिसला की आपला हात जसा आपोआप जोडला जातो, तसंच ते होतं.

खाली इप्सायकोचा नावाचं तळं, लोकरीसाठी पाळलेल्या अल्पाकांचे कळप आणि मग पाताकांचा नावाचं गाव. तिथल्या बायका मागाचं एक टोक खुंटीला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधून विणतात, ताण शरीरानेच द्यायचा. कापड घ्यायचं तर इथेच घ्या आणि घासाघीस करू नका, एका पट्ट्याला किती दिवस जातात ते समोर दिसतं. सुटे सोल, म्हणजे पेरूचे पैसे, जवळ ठेवा, फोटो विचारून काढा, मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका.

तिसऱ्या दिवशी पुमामार्काच्या पडक्या तटांवरून उतरत ओयान्तायतांबो. वरच्या मंदिराच्या सहा शिळा नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून आणल्या आहेत. वाटेत सोडलेल्या शिळांना लोक थकलेले दगड म्हणतात. याच ठिकाणी 1537 साली मान्को इंका या राजाने स्पॅनिश फौज मागे रेटली. समोरच्या पिंकुयुना डोंगरावरची कोठारं फुकट पाहता येतात, सकाळी जा.

माचू पिक्चूबद्दल थोडकंच. तिकीट काही महिने आधी काढा आणि आत फिरायच्या ठरलेल्या वाटांपैकी सर्किट दोन मागा, त्यात ओळखीचं दृश्यही दिसतं आणि आतली घरंही. मूळ पासपोर्ट दारावर मागतात. स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे. जागा सुंदर आहे, पण माझं मन मागे पाताकांचात अडकलं होतं.

म्हणून शेवटची रात्र पुन्हा ओयान्तायतांबोत काढली. गल्लीच्या कडेने इंकांनी बांधलेला दगडी पाट वाहतो, रात्रभर त्याचा आवाज खिडकीतून येत होता. पहाटे गावाबाहेर फिरायला गेलो तर तेच पाणी एका शेतात शिरलं होतं आणि एक म्हातारा फावडं घेऊन बटाट्याच्या वाफ्यांना दारं धरत होता. बहीण बांधावर बसली, मीही बसले. शेवटचा वाफा भरेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.