60 वर्षं उलटली, तरी पुस्तक अडलं

प्रकाशकांना 1938 सालचा एक ललितलेखसंग्रह नव्याने काढायचा होता, छापील आणि ई-बुक दोन्ही. लेखक फेब्रुवारी 1951 मध्ये वारले, 60 वर्षं कधीच झाली, मग परवानगी कसली, असं त्यांचं म्हणणं. मूळ लेखांपुरतं ते बरोबर होतं. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, पण ही मुदत मृत्यूच्या तारखेपासून मोजत नाहीत, पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजतात. त्या हिशेबाने लेख 1 जानेवारी 2012 ला मुक्त झाले.

पण स्कॅन केली होती 1979 ची तिसरी आवृत्ती, आणि तिच्या श्रेयपानावर बारीक टायपात होतं, 'दोन अप्रकाशित लेखांसह'. मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या मजकुराची 60 वर्षं त्या प्रकाशनापासून धरतात. म्हणजे हे दोन लेख 2039 संपेपर्यंत वारसांचे. हक्कांचं काम करताना मी पुस्तक कधीच एक वस्तू मानत नाही. मजकूर, चित्रं, प्रस्तावना, फोटो, प्रत्येकाची मुदत वेगळी. प्रस्तावनेचं निभावलं, संपादक हयात होते, लेखी होकार आला.

खरी अडचण रेखाचित्रांची. चित्रकार 1974 मध्ये गेले, त्यामुळे 2034 संपेपर्यंत थांबणं आलं. त्यावर प्रकाशकांनी त्यांच्या मुलीचा 1998 चा कागद पुढे केला: 'चित्रांचे हक्क संस्थेस दिले आहेत.' खाली सही, तारीख, मानधनाचा आकडा. मुदत नाही, प्रदेश नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. कागद 2003 मध्येच निकालात निघाला होता. (हा नियम 1994 च्या दुरुस्तीतला. आधीच्या करारांना तो लागत नाही, तिथे शब्दांचा कीस पाडावा लागतो.)

मुलगी आता नाही, नातवंडांपैकी एकाचा पत्ता लागेना. हक्कदार सापडत नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 31अ खाली परवाना मागता येतो, पण त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, मग अर्ज, मग सुनावणी. छोट्या आवृत्तीसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. माझ्या मते जुनी पुस्तकं लांब मुदतीपेक्षा अशा बेवारस हक्कांमुळेच जास्त मरतात.

नवी चित्रं काढायची ठरली. पहिल्या कच्च्या चित्रांत पारावर पाठमोरा बसलेला म्हातारा, उजवीकडे टेकवलेली काठी, वर तिरकी फांदी. रेषा नवी, रचना जुनीच. परत पाठवली. पारावरचा म्हातारा कोणीही काढावा, ती मांडणी उचलता येत नाही. चित्रकर्तीने जुनं पुस्तक मिटून फक्त लेख वाचले. दुसऱ्या खेपेला म्हातारा चित्रात नव्हताच, नुसता पार होता.

राहिला ई-बुकचा प्रश्न, ते अमेरिकेतही विकलं जाणार होतं. 1978 पूर्वी छापलेल्या ज्या परदेशी पुस्तकांचे हक्क 1 जानेवारी 1996 ला मायदेशी जिवंत होते, त्यांना अमेरिकेने संरक्षण परत दिलं, प्रकाशनापासून 95 वर्षं. त्यामुळे भारतात मुक्त असलेले मूळ लेखही तिथे 2033 अखेरपर्यंत बांधलेले. दोन लेखांसाठी लेखकाच्या वारसांकडे जायचंच होतं. त्याच करारात अख्खं पुस्तक घातलं: मुदत 10 वर्षं, प्रदेश भारत आणि अमेरिका, छापील व ई-बुक. चारही वारसांच्या सह्या घेतल्या.