१९ जुलै, रविवार

आज सकाळी सोसायटीत आगीची रंगीत तालीम झाली. तारीख मीच हट्टाने मागून घेतली होती. कमिटीला कारण सांगितलं नाही, ते इथे लिहून ठेवतो.

१९८९ साली याच तारखेला डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची चकती ३७ हजार फुटांवर तुटली. तुकडे उडाले आणि विमान वळवणाऱ्या, वर-खाली करणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही गेलेली गाडी घाटात उभी करायची, तसलं ते संकट. कॅप्टन अल हेन्स यांच्याकडे उरली फक्त पंखांखालची दोन इंजिनं. एकाची शक्ती वाढवायची, दुसऱ्याची कमी करायची, असं करत ४४ मिनिटांत त्यांनी विमान आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. टेकताना ते मोडलं, पेटलं. २९६ पैकी १८४ जण वाचले.

हे मी पहिल्यांदा ट्रेनिंगच्या वर्गात ऐकलं, तेव्हा नवा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होतो. आमच्या कॉकपिटमध्ये अजून कॅप्टन म्हणेल ती पूर्व दिशा असायची. हेन्स यांचे तर जवळजवळ ३० हजार तास झालेले. तरी प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनिस फिच पुढे आले, तेव्हा हेन्स यांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनांची शक्ती कमी-जास्त करायचे दांडे, त्यांच्या हाती दिले. हेन्स पुढे सांगत, कॉकपिटमधल्या आम्हा चौघांचा मिळून १०३ वर्षांचा अनुभव होता, पण असं विमान उतरवायचा सराव एका मिनिटाचाही नव्हता. मग बाकी तिघांपेक्षा मला जास्त कळतं असं मी का धरून चालावं? पुढे मी स्वतः कॅप्टन झाल्यावर प्रत्येक फ्लाइटच्या आधी त्यांचं हे वाक्य मनात म्हणायचो.

अमेरिकेत तेव्हा वैमानिकांना साठीला थांबावंच लागे, हेन्स १९९१ मध्ये थांबले. मुलांच्या बेसबॉल सामन्यांत अंपायर म्हणून ते तीस वर्षांहून जास्त उभे राहिले, शाळेच्या फुटबॉल सामन्यांत माइकवर बसले. आणि गावोगाव बोलत राहिले. स्वतःबद्दल कमी, सू सिटीबद्दल जास्त. त्या गावाने १९८७ मध्येच मोठं विमान कोसळल्याची तालीम केली होती. एवढी मोठी विमानं तिथे नेहमी उतरतही नसत, तरी केली होती. २००३ मध्ये त्यांच्या मुलीला अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची गरज पडली, तेव्हा पैसे पाठवणाऱ्यांत त्या विमानातून वाचलेले प्रवासीही होते. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

तर आमची तालीम. गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये मी कागद वाचत होतो, कोणी कुठे उभं राहायचं वगैरे. दारातून वॉचमन मामा म्हणाले, "साहेब, पाचव्या मजल्याचा व्हॉल्व्ह फिरत नाय." मी "नंतर बघू" म्हणून पुढे वाचत गेलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य आठवलं आणि फार लाज वाटली. तीस वर्षं जे शिकलो, शिकवलं, ते एका कागदापुढे विसरलो. पहाटे उठून मामांबरोबर वर गेलो. व्हॉल्व्ह गंजून बसला होता. दोघांनी जोर लावला तरी तसूभर हलला नाही. मामांची माफी मागितली. गुरुवारी प्लंबरने तो बदलला.

आज पाचव्या मजल्यावर पाणी जोरात आलं. लिफ्ट बंद ठेवली होती, म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना कॉलेजच्या दोन मुलांनी खुर्चीसकट जिन्याने खाली आणलं. वळणावर खुर्ची अडते, हे आजींनीच सांगितलं. तिथे रचलेल्या कुंड्या संध्याकाळपर्यंत हलल्या.

निघताना मामा म्हणाले, सी विंगच्या मागच्या दाराची किल्ली एकाच माणसाकडे असते आणि तो रात्रपाळीला जातो. उद्या सकाळी आठला आम्ही दोघं ते दार बघायला जाणार आहोत.